प्रवाशांऐवजी माल निवडणारा वैमानिक

विमानाचा कॅप्टन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. कडक इस्त्रीचा गणवेश, बाहीवर चार सोनेरी पट्ट्या, दारात उभे राहून प्रवाशांना निरोप देणारी हसरी मुद्रा. मालवाहू विमानाचा कॅप्टन मात्र या चित्रात कुठेच नसतो. तो शहर झोपलेले असताना उड्डाण करतो, विमानतळाच्या दूरच्या कोपऱ्यात उतरतो आणि त्याने आणलेल्या खोक्यांपैकी एकही त्याचे आभार मानत नाही. तरीही प्रवासी विमान कंपनीतील नोकरी सोडून मालवाहतुकीकडे वळावे काय, या प्रश्नाने जगभरातील अनेक वैमानिकांना आजवर सतावले आहे. पगार, रजा, कुटुंब, झोप, सेवाज्येष्ठता आणि कंपनीचे भवितव्य अशी सारी गणिते त्यात गुंतलेली असतात.

हे गणित ज्या माणसाने फार पूर्वी स्वतःच्या आयुष्यात मांडले आणि त्याच्या उत्तरावर आपली व मित्रांची सारी पुंजी लावली, त्याचे नाव रॉबर्ट विल्यम प्रेस्कॉट. ‘फ्लाइंग टायगर लाइन’ या जगप्रसिद्ध मालवाहू विमान कंपनीचे ते संस्थापक. या कंपनीची कथा सुरू होते युद्धाच्या धामधुमीत, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या आसामच्या भूमीवर घडला आहे.

कायद्याच्या वर्गातून आकाशात

प्रेस्कॉट यांचा जन्म ५ मे १९१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील फोर्टवर्थ येथे झाला. ऐन तारुण्यात ते कॅलिफोर्नियात आले. ते दिवस जागतिक महामंदीचे होते. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी कायद्याचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली. वकील होऊन स्थिरस्थावर व्हावे, हा त्या काळातील मध्यमवर्गीय तरुणाचा मार्ग होता. परंतु हा अभ्यास अर्ध्यावर सोडून १९३९मध्ये ते अमेरिकी नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात दाखल झाले. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील तळावर ते विमानविद्या शिकले आणि पुढे तेथेच प्रशिक्षक झाले.

प्रशिक्षकाची नोकरी सुरक्षित होती. पण १९४१च्या उन्हाळ्यात एक वेगळाच प्रस्ताव अमेरिकी लष्करी तळांवर कानोकानी फिरू लागला. जपानी आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनला लढाऊ वैमानिक हवे होते. अमेरिका तोवर युद्धात उतरलेली नव्हती. त्यामुळे सैन्यातून राजीनामा द्यायचा, एका खासगी कंपनीशी करार करायचा आणि क्लेअर शेनॉल्ट या निवृत्त अधिकाऱ्याच्या हाताखाली लढायचे, अशी योजना होती. वेतन महिन्याला ६०० डॉलर आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर. सैन्यातील पगाराच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी होती.

हा करार करणाऱ्या कंपनीच्या मागे विल्यम पॉली हे गृहस्थ होते. मराठी वाचकांना हे नाव अगदीच परके वाटू नये. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४०मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना उभारला, तेव्हा त्यांना साथ देणारे अमेरिकी उद्योजक हेच पॉली.

प्रेस्कॉट यांनी नौदलाचा राजीनामा दिला आणि ते ब्रह्मदेशात दाखल झाले. विमानांच्या नाकावर रंगवलेल्या शार्क माशाच्या दातांमुळे हे पथक जगभर ओळखले जाऊ लागले आणि वृत्तपत्रांनी त्याला उडत्या वाघांचे नाव दिले. डिसेंबर १९४१ ते जुलै १९४२ एवढाच या पथकाचा लढाईचा काळ. या अवधीत प्रेस्कॉट यांच्या नावावर पाचाहून अधिक जपानी विमाने नोंदली गेली. ४ जुलै १९४२ रोजी हे पथक विसर्जित झाले आणि वैमानिकांसमोर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला.

प्रवासी कंपनीचा गणवेश

प्रेस्कॉट यांनी तेव्हा बहुतेक वैमानिकांना हवाहवासा वाटणारा मार्ग निवडला. ते टीडब्ल्यूए या बड्या प्रवासी विमान कंपनीच्या आंतरखंडीय विभागात कॅप्टन झाले. युद्धकाळात हा विभाग सरकारसाठी अटलांटिक महासागर ओलांडून लष्करी अधिकारी, मुत्सद्दी आणि महत्त्वाचे सामान यांची ने-आण करीत असे. १९४३मध्ये अमेरिकेचे विशेष दूत जोसेफ डेव्हिस यांना मॉस्कोला घेऊन गेलेल्या विमानाच्या चालकवर्गातही प्रेस्कॉट होते.

त्या काळात अमेरिकेतील प्रवासी कंपनीच्या वैमानिकाची नोकरी किती भक्कम होती, हे समजून घेतले पाहिजे. वैमानिकांची संघटना १९३१मध्ये स्थापन झाली होती. १९३४मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाच्या एका निर्णयाने वैमानिकांच्या वेतनाचे सूत्र ठरवून दिले आणि महिन्याला ८५ तासांची उड्डाणमर्यादा घातली. या साऱ्या व्यवस्थेचा पाया होता सेवाज्येष्ठता. वैमानिक ज्या दिवशी कंपनीत रुजू होतो, त्या तारखेनुसार त्याचा क्रमांक ठरतो. कोणते विमान, कोणता मार्ग, कोणती सुटी, कॅप्टनपद केव्हा, हे सारे त्या क्रमांकावर अवलंबून. दुसऱ्या कंपनीत गेले की वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूसही यादीच्या तळाशी जातो. म्हणूनच मोठ्या कंपनीतील क्रमांक ही वैमानिकाची खरी मिळकत मानली जाते.

ही मिळकत प्रेस्कॉट यांनी सोडली. ते पुन्हा पूर्वेकडे आले आणि चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन या विमान कंपनीत रुजू झाले. चीन सरकार आणि पॅन अमेरिकन एअरवेज यांच्या भागीदारीतील ही कंपनी मुळात प्रवासी व टपाल वाहतूक करणारी. पण युद्धाने तिला मालवाहू बनवले होते.

आसामच्या धावपट्टीवरून

१९४२च्या वसंत ऋतूत जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद पुरवणारा ब्रह्मी रस्ता बंद झाला. आता एकच वाट उरली, ती हवेतली. आसामातील दिंजानसारख्या धावपट्ट्यांवरून उड्डाण करायचे, हिमालयाच्या पूर्व टोकाच्या पर्वतरांगा ओलांडायच्या आणि सुमारे ८०० किलोमीटरवरील कुनमिंगला उतरायचे. वैमानिकांनी या पर्वतांना ‘हंप’, म्हणजे वशिंड, असे नाव दिले होते. नाव गमतीचे असले तरी मार्ग जीवघेणा होता.

दोन इंजिनांची डग्लस विमाने पेट्रोलची पिंपे, दारूगोळा, यंत्रांचे सुटे भाग आणि चिनी चलनाच्या नोटांची खोकी घेऊन जात. परतताना कथिल, टंगस्टन, चहा आणि ब्रशसाठी लागणारे डुकरांचे राठ केस येत. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. पंखांवर बर्फ साचे, पावसाळ्यात ढगांच्या भिंती उभ्या राहत आणि खाली आणीबाणीत उतरण्याजोगी सपाट जागा नसे. युद्ध संपेपर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये गेला. त्यासाठी जवळजवळ सहाशे विमाने आणि हजाराहून अधिक माणसे बळी पडली. प्रेस्कॉट यांचे सहकारी ज्यो रॉसबर्ट यांचे विमान एप्रिल १९४३मध्ये बर्फ साचून डोंगरावर आदळले. ते आणि त्यांचे सहवैमानिक जखमी अवस्थेत दीड महिन्याहून अधिक काळ वाटचाल करून जिवंत परतले; त्यांचा रेडिओ चालक मात्र जागीच गेला.

या मार्गावरून प्रेस्कॉट यांनी तीनशेहून अधिक खेपा केल्या. लढाऊ विमानातील पराक्रमामुळे त्यांना कीर्ती मिळाली होती. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा मात्र या खेपांनी ठरवली. पुरेशी विमाने आणि कसलेले वैमानिक असतील, तर एका देशाला लागणारा माल हवेतून नेता येतो, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवली होती. तोवर विमानातून माल नेणे म्हणजे प्रवाशांच्या आसनांखालील उरलेल्या जागेत टपालाच्या पिशव्या टाकणे, एवढाच अर्थ बहुतेक कंपन्यांना ठाऊक होता.

मित्रांची पुंजी, पोलादी विमाने

युद्ध संपत आले, तेव्हा प्रेस्कॉट अमेरिकेत परतले होते. लॉस एंजेलिसमधील तेल उद्योजक सॅम्युएल मोशर आणि त्यांचे सहकारी अमेरिका व मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर विमानसेवा सुरू करण्याच्या विचारात होते. प्रेस्कॉट यांनी त्यांच्यापुढे वेगळीच कल्पना मांडली. प्रवासी वाहतुकीत बड्या कंपन्यांशी टक्कर घेण्यापेक्षा अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांदरम्यान केवळ माल वाहणारी कंपनी काढावी, असे त्यांचे मत होते. मोशर यांनी अट घातली. प्रेस्कॉट जेवढे भांडवल उभे करतील, तेवढीच रक्कम त्यांचा गट घालील.

प्रेस्कॉट यांनी आपल्या जुन्या लढाऊ मित्रांना गाठले. रॉसबर्ट, डिक रॉसी, बिल बार्टलिंग, ड्यूक हेडमन यांसारखे वैमानिक त्यात होते. चीनमध्ये जीव धोक्यात घालून मिळवलेला पैसा त्यांच्याकडे शिल्लक होता. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. प्रवासी कंपन्यांचा विस्तार होत होता आणि अनुभवी वैमानिकांना तेथे मागणी होती. तेथे गेल्यास ज्येष्ठतेच्या यादीत खालून सुरुवात करावी लागली असती, पण पगार निश्चित आणि भविष्य बऱ्यापैकी सुरक्षित होते. दुसरी वाट होती प्रेस्कॉट यांच्या कंपनीची. तेथे मार्गाचा परवाना नव्हता, ग्राहक नव्हते, पगाराची शाश्वती नव्हती आणि वर स्वतःची बचत गुंतवायची होती. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने होती. या यादीत त्यांचे क्रमांक पहिले असणार होते.

मित्रांनी मिळून ८९ हजार डॉलर जमवले. मोशर यांच्या गटाने तितकेच घातले. २५ जून १९४५ रोजी नॅशनल स्कायवे फ्रेट कॉर्पोरेशनची स्थापना झाली. प्रेस्कॉट यांचे वय तेव्हा ३२ वर्षे होते.

विमाने हवी होती, पण नवी घेण्याची ऐपत नव्हती. अमेरिकी नौदलाने रेल्वेचे डबे बनवणाऱ्या बड कंपनीकडून ‘कोनेस्टोगा’ नावाची मालवाहू विमाने मागवली होती. ॲल्युमिनियमची टंचाई होईल या भीतीने ती न गंजणाऱ्या पोलादाची बनवली होती. शेपटीखाली उघडणारा उतार असल्याने मालमोटार थेट विमानाला लावता येई. पण विमान जड, इंधन पिणारे आणि नौदलाच्या दृष्टीने नकोसे ठरले. मूळ मागणी २०० विमानांची. प्रत्यक्षात मोजकीच तयार झाली आणि मागणी रद्द झाली. त्यांतील बहुतेक विमाने प्रेस्कॉट यांनी सरकारी भंगारबाजारातून घेतली.

सुरुवातीच्या मालात कॅलिफोर्नियातील द्राक्षे आणि ताजी फुले होती. हा माल पूर्वेकडील शहरांत पोहोचवला की परतीच्या फेरीसाठी माल शोधण्याची धडपड सुरू होई. रिकामे परतणारे विमान म्हणजे निव्वळ तोटा. प्रवासी बहुधा गेलेल्या ठिकाणाहून परत येतो, पण माल कधीच परत येत नाही. मालवाहतुकीचे हे मूलभूत दुखणे प्रेस्कॉट यांना पहिल्या महिन्यांतच कळून चुकले. वैमानिक स्वतःच माल चढवत, इंजिने दुरुस्त करत आणि व्यापाऱ्यांच्या दारात जाऊन गिऱ्हाईक मिळवत. त्या वेळी युद्धातून परतलेल्या वैमानिकांनी अशा अनेक कंपन्या काढल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक काही वर्षांतच बुडाल्या.

बड्यांशी झुंज

प्रेस्कॉट यांची कंपनी तगली, त्याला लष्करी कंत्राटे मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. १९४६-४७मध्ये प्रशांत महासागरापलीकडे जपानपर्यंत लष्करासाठी उड्डाणे करण्याचे काम तिला मिळाले. चार इंजिनांची विमाने आली, पगार नियमित झाले. याच सुमारास कंपनीने आपले लांबलचक नाव टाकून जुन्या पथकाची आठवण जागवणारे ‘फ्लाइंग टायगर लाइन’ हे नाव धारण केले.

माल हवेतून नेण्यात पैसा आहे, हे दिसताच बड्या प्रवासी कंपन्याही त्यात उतरल्या. त्यांनी मालवाहतुकीचे दर खाली आणले. प्रवासी भाड्यावर तग धरू शकणाऱ्या कंपनीला मालातील तोटा सोसता येतो. केवळ मालावर जगणाऱ्या कंपनीला तो सोसत नाही. हे दरयुद्ध असेच चालले असते, तर मालवाहू कंपन्या संपल्या असत्या. अखेर नागरी विमान मंडळाने १९४८मध्ये किमान दर ठरवून दिले. १९४९मध्ये याच मंडळाने फ्लाइंग टायगरसह काही मोजक्या कंपन्यांना केवळ मालासाठी नियमित वेळापत्रकी सेवेचे परवाने दिले. ज्या वैमानिकांनी चार वर्षांपूर्वी आपली बचत पणाला लावली होती, त्यांच्या क्रमांकांना आता कुठे खरी किंमत आली.

पुढील वर्षी कोरियन युद्ध सुरू झाले आणि प्रशांत महासागरावरील उड्डाणांना पुन्हा जोर आला. १९६१मध्ये शेपटीचा संपूर्ण भाग दरवाजासारखा बाजूला वळणारी कॅनडाची सीएल-४४ विमाने ताफ्यात आली. त्यामुळे लांबलचक यंत्रेही विमानात सरळ आत ढकलता येऊ लागली. १९६८मध्ये लांब बांध्याची डीसी-८ जेट विमाने आली. १९६९मध्ये जपान, हाँगकाँग, तैवानसह पूर्व आशियातील देशांपर्यंत नियमित मालसेवेचा मार्ग मिळाला. चीनच्या आकाशात लढलेल्या माणसाची कंपनी आता पूर्व आशियातील कारखान्यांचा माल अमेरिकेत आणू लागली. १९७४मध्ये बोइंग ७४७चे मालवाहू रूप दाखल झाले.

गमावलेले विमान

ही वाटचाल केवळ यशाची नव्हती. मालवाहू म्हणून ओळखली जाणारी ही कंपनी भाडेतत्त्वावर माणसांचीही वाहतूक करीत असे; सैनिकांची ने-आण हा तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. मार्च १९६२मध्ये व्हिएतनामकडे निघालेले तिचे सुपर कॉन्स्टेलेशन विमान ग्वाम बेटावरून उडाले आणि फिलिपिन्सला पोहोचण्यापूर्वीच नाहीसे झाले. त्यात ९३ अमेरिकी सैनिक, तीन दक्षिण व्हिएतनामी आणि ११ कर्मचारी असे १०७ जण होते. प्रचंड शोधमोहीम झाली. विमानाचा तुकडाही सापडला नाही. अपघाताचे कारण आजतागायत निश्चित झालेले नाही. त्याच सुमारास कंपनीचे आणखी एक विमान अलास्कातील एडाक बेटावर उतरताना कोसळले आणि त्यात एकाचा मृत्यू झाला.

मालाची खोकी आणि माणसे यांतील फरक काय, हे अशा वेळी कळते. मालवाहतूक निवडणारा वैमानिक पाठीमागे बसलेल्या शेकडो जिवांच्या ओझ्यातून मुक्त होतो, असे वरवर वाटते. परंतु कॉकपिटमध्ये बसलेल्यांचे जीव तेवढेच मोलाचे असतात आणि बर्फ, ढग, थकवा यांना विमानात काय भरले आहे याच्याशी देणेघेणे नसते. हंपवर उडालेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागले नसेल.

अखेरचे वळण

नोव्हेंबर १९७७मध्ये अमेरिकेने हवाई मालवाहतुकीवरील सरकारी निर्बंध उठवले. कोणत्या मार्गावर कोणी उडावे आणि काय दर घ्यावा, हे आता सरकार ठरवणार नव्हते. ज्या परवान्यासाठी प्रेस्कॉट यांनी चार वर्षे झुंज दिली होती, त्या परवान्याचे संरक्षणही यामुळे संपले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ३ मार्च १९७८ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते ६४ वर्षांचे होते. आपल्या हयातीत त्यांनी कंपनीचे सूत्रसंचालन सोडले नाही.

मुक्त बाजारात नवा प्रतिस्पर्धी झपाट्याने वाढला. १९७३मध्ये छोट्या जेट विमानांनिशी सुरू झालेली फेडरल एक्स्प्रेस आता मोठी विमाने उडवू शकत होती. फ्लाइंग टायगरने १९८०मध्ये सीबोर्ड वर्ल्ड ही स्पर्धक कंपनी विकत घेतली खरी, पण कर्ज आणि तोटा वाढत गेला. अखेर १९८९मध्ये सुमारे ८८ कोटी डॉलरच्या व्यवहारात फेडरल एक्स्प्रेसने फ्लाइंग टायगर आपल्यात सामावून घेतली. तेव्हा सर्वांत नाजूक प्रश्न कोणता उभा राहिला असेल, तर दोन्ही कंपन्यांतील वैमानिकांच्या ज्येष्ठता याद्या एकत्र कशा करायच्या हाच. जुन्या कंपनीतील वयस्क वैमानिक वर की नव्या कंपनीतील तरुण, यावरून कटुता निर्माण झाली. १९४५मध्ये मित्रांनी आपले भवितव्य ज्या क्रमांकांवर बांधले होते, तेच क्रमांक ४४ वर्षांनी वादाचा विषय झाले.

प्रेस्कॉट यांच्या आयुष्याकडे आज पाहताना त्यांनी मांडलेले गणित शिळे झालेले नाही, असेच वाटते. २०२०च्या महासाथीत भारतासह जगभरातील प्रवासी विमाने जमिनीवर खिळली, तेव्हा औषधे आणि वैद्यकीय सामग्री नेणारी मालवाहू विमाने उडत राहिली आणि अनेक वैमानिकांना ती नोकरी अधिक भरवशाची वाटू लागली. तीनच वर्षांत चित्र पालटले. माल घटल्यावर २०२३मध्ये खुद्द फेडेक्सने आपल्या वैमानिकांना एका प्रवासी कंपनीतील संधीचा विचार करण्यास सुचवले. विश्रांतीच्या बाबतीतही दोन्ही पारडी सारखी नाहीत. अमेरिकेत २०१४पासून लागू झालेल्या वैमानिकांच्या विश्रांतीच्या कडक नियमांतून मालवाहू विमाने वगळण्यात आली. रात्रपाळीचा भार मात्र त्यांच्याच वैमानिकांवर अधिक असतो.

तेव्हा प्रवासी की माल, या प्रश्नाला सर्वकाळ लागू पडेल असे उत्तर नाही. प्रेस्कॉट यांनाही ते आयते मिळाले नव्हते. त्यांनी भक्कम यादीतील क्रमांक सोडला तो पाठीशी हंपवरचा अनुभव घेण्यासाठी, आणि मित्रांची बचत मागितली ती त्या अनुभवाच्या बळावर. त्यांची कंपनी आता उरलेली नाही. परंतु मध्यरात्री मुंबईच्या आकाशातून एखादे खिडक्या नसलेले विमान खाली उतरताना दिसते, तेव्हा आसामच्या धावपट्टीवरून पेट्रोलची पिंपे घेऊन ढगांत शिरणाऱ्या त्या वैमानिकाशी त्याचे नाते जुळलेले असते.